सारंगखेड्याचा घोडेबाजार

तापीकाठच्या सारंगखेड्यात (ता. शहादा) दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिची खरी ओळख मात्र घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी घोडे इथे परराज्यांतूनही येतात. जाणकार गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दातांवरून वय पाहतो, मग अंगावरचे केसांचे भोवरे तपासतो. गळ्यावर देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा असला की भाव चढतो. शेवटी चाल पाहून सौदा ठरतो. पूर्वी धुळ्यात असलेला हा भाग 1998 मध्ये नव्या नंदुरबार जिल्ह्यात आला. अलीकडे यात्रेच्या काळात होणाऱ्या चेतक फेस्टिव्हलमुळे निवासी तंबू, अश्वस्पर्धा आणि सुट्टीतले पर्यटकही आले. यात्रेची तिथी मार्गशीर्ष पौर्णिमेची, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते: 2023 मध्ये 26 डिसेंबर, 2024 मध्ये 14 डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्याने आधी पंचांग पाहावे.