वाँटेजच्या मठातील मराठी विद्यार्थिनी

परदेशी शिकावयास निघालेल्या मुलामुलींविषयी घरात बोलणे निघाले की थंडी, जेवण आणि खर्च यांची चौकशी आधी होते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हाही या काळज्या होत्याच. परंतु त्यांच्या तेथील पत्रव्यवहारातून दिसणारा झगडा निराळा आहे. ज्यांच्या छपराखाली राहावयाचे, ज्यांच्याकडून विद्या घ्यावयाची, त्यांचे किती आपलेसे करावे आणि आपले किती राखावे, हा तो झगडा होय.

रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. पतीच्या निधनाला वर्ष उलटले होते आणि कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती. वैद्यकी शिकून यावे, हा हेतू होता. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला. पुण्यात काम करणाऱ्या धर्मभगिनींचा मूळ मठ वाँटेज येथे होता. तेथे राहून भारतात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे आणि बदल्यात इंग्रजी शिकावे, असे ठरले होते. हा मठ अँग्लिकन पंथाचा होता, कॅथलिक नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मात्र व्रते, प्रार्थनेच्या वेळा आणि आज्ञापालन यांची तेथील शिस्त आपल्याला अपरिचित वाटणार नाही.

सुरुवातच भयंकर झाली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांच्या मनाने घेतले की, आपल्याला बळजबरीने बाटविणार. त्या धास्तीने त्यांचे चित्त भ्रमले आणि काही महिन्यांतच त्यांनी आत्महत्या केली. परक्या मुलखात एकटे पडलेले मन कोठवर जाऊ शकते, याचा हा दाखला. तो आपल्या चरित्रग्रंथांतून बहुधा दोन ओळींत उरकला जातो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मोठी खळबळ उडाली. इकडे कान अधू असल्यामुळे वैद्यकीचा मार्गही बंद झाला. मग १८८४ पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांचे शिक्षण सुरू झाले. प्राचार्या डोरोथिया बील या विदुषी होत्या. रमाबाई त्यांच्याकडे गणित, विज्ञान आणि इंग्रजी वाङ्मय शिकत आणि तेथेच संस्कृत शिकवीत.

आता नवदीक्षित शिष्येने सर्वच बाबतींत नमते घ्यावे, अशी मठाची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तिची देखरेख सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. ठिणगी पडली ती ताटावर. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत. सिस्टरांना त्यात जातीचा उरलेला अहंकार दिसला. रमाबाईंनी पत्रातून दिलेले उत्तर मिश्कील आणि बिनतोड आहे. माझा गर्व तुम्हांला दूधभातात आणि बुटामोज्यांत शोधावयाचा असेल तर खुशाल शोधा, असे सांगून त्यांनी उलट विचारले की, एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहावयास आली आणि शेजाऱ्यांना उपद्रव न देणाऱ्या आपल्या चालीरीती तिने तशाच ठेवल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले चालेल काय? ख्रिस्त आपण स्वीकारला आहे, इंग्रजी पाकशास्त्र नव्हे, हा त्यांचा आशय सिस्टरांच्या गळी उतरला नाही.

क्रूसाची गोष्ट याहून बोलकी आहे. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्या देशभगिनींना ती भाषा परकी. मग तेथे संस्कृत शब्द का नसावेत, असा रमाबाईंचा प्रश्न होता. आपल्या मंडळींना हे सांगावयास नकोच. आपल्या उपासनेत लॅटिनच्या जागी लोकभाषांना वाट मोकळी करून देणारा व्हॅटिकन महासभेचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ चा; म्हणजे त्या पत्रानंतर सुमारे ऐंशी वर्षांचा. तरी फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापून झाले होते, आणि वसईच्या ख्रिस्ती स्त्रियांनी लाल लुगडे पिढ्यान्पिढ्या सोडले नाही. हे सारे रमाबाईंच्या प्रश्नाच्याच बाजूचे आहे.

अधिकाराचा प्रश्न १८८५ मध्ये उघडपणे पुढे आला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघताच मुंबई व लाहोरच्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. अशाने भारतीय स्त्रियांवर त्यांचा प्रभाव उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. जिने १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितसभेत ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली, तिला हा इशारा! पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळविले. पवित्र त्र्यैक्याविषयीच्या त्यांच्या शंका आपल्याला पटणार नाहीत. पण बीलबाईंनी त्या धुडकावल्या नाहीत. त्या विद्यार्थिनीशी बरोबरीच्या नात्याने वाद घालत राहिल्या. शिक्षकाची ही जात विरळाच.

सर्वांत नाजूक प्रश्न मनोरमेचा होता. आई चेल्टनहॅमला आणि मूल वाँटेजला भगिनींच्या मायेत. तिला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावरून पत्रांची भाषा कधी कधी फार कडवट झाली आहे. मुलीवर जीव लावणाऱ्या दोघी, आणि दोघींनाही आपलेच खरे वाटणारे. येथे निवाडा देणे मला जमत नाही.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस निघाल्या. आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळणार होती. त्या समारंभाला त्या हजर राहिल्या. इंग्लंडमधली ही सारी पत्रे, स्वतःवरचे वाग्बाण असलेलीसुद्धा, जेराल्डिनआजींनी जपून ठेवली आणि पुढे स्वतःच्या हाताने संकलित केली. १९७७ साली ती मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.