एदलाबाद ते मुक्ताईनगर : एका ग्रामनामाचा इतिहास

आमच्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत जुनी खरेदीखते, गहाणखते व लग्नपत्रिका अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. त्यांवर गावाच्या नावापुढे ‘पेटा एदलाबाद, तालुके भुसावळ, जिल्हा पूर्व खानदेश’ असा मजकूर आढळतो. आज तो पेटा उरला नाही आणि पूर्व खानदेश नावाचा जिल्हाही नाही. घरातील नव्या पिढीस तो कागद दाखविला, तर हे आपलेच मुक्ताईनगर होय असे तीस सहसा उमगत नाही. सबब या नावांची हकिकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एदल हा शब्द ऐकताच मराठी वाचकास विजापूर आठवते. कारण आपल्या बखरींत व जुन्या पत्रांत आदिलशहाचा उल्लेख ‘एदलशहा’, ‘येदिलशहा’ असाच येतो. मात्र त्यावरून आपल्या गावाचा संबंध विजापूरशी जोडणे युक्त नव्हे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातच आदिलखान हे नाव धारण करणारे एकाहून अधिक सुलतान होऊन गेले. आदिल म्हणजे न्यायी. अकबराच्या पदरी असलेल्या अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त या सुभ्याचे वर्णन करताना आदिलाबाद हे चांगले शहर असल्याचे लिहिले आहे. त्याजवळील बारमाही तलावावर दशरथ राजाच्या पातकाचे क्षालन झाले अशी श्रद्धा त्याने नोंदविली असून, तापी व पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेव गावाचाही उल्लेख केला आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही फारसी नावाचे शहर व हिंदू तीर्थ एकमेकांशेजारी सुखाने नांदत होते. आदिलाबादचे एदलाबाद केले ते आपल्या लोकांच्या जिभेने.

त्याच अबुल फजलने आणखी एक मौजेची गोष्ट सांगितली आहे. इ. स. १६०१ मध्ये अशीरगड मोगलांच्या हाती आला आणि हा प्रांत शाहजादा दानियाल याजकडे सोपविण्यात आला. तेव्हा खानदेशाचे ‘दानदेश’ असे नामकरण झाले. साक्षात बादशहाच्या दरबारचा हुकूम. पण रयतेने तो कानांआड केला! दानदेश पोथीत राहिला. खानदेश या नावाची व्युत्पत्ती कोणी फारुकींच्या ‘खान’ या पदवीवरून लावतात, तर कोणी कान्हदेश म्हणजे श्रीकृष्णाचा देश अशी लावतात. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास त्यांस जळगाव व धुळे ही नावे मिळाली. जिल्ह्याच्या दप्तरातून खानदेश गेला खरा, परंतु भरताच्या वांग्याला कोणी ‘जळगाव जिल्ह्याचे’ म्हणून थांबत नाही, ते खानदेशीच!

संतांच्या नावे नगरे वसविण्याची रीत या मुलखास नवी नाही. फारुकी नासीरखानाने तापीकाठी वसविलेले बऱ्हाणपूर हे शेख बुऱ्हानुद्दीन यांच्या नावाचे, आणि पैलतीरावरील झैनाबाद शेख झैनुद्दीन यांच्या नावाचे. सातासमुद्रांपलीकडे ब्राझील देशात १५५४ मध्ये स्थापन झालेले साओ पावलो हेही संत पॉलच्याच नावाने चालते. तेव्हा एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, ते जुन्याच रीतीस धरून झाले असे आम्ही मानतो.

मुक्ताईचा जन्म शके १२०१ चा. शके १२१९ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तापीतीरी वीज कडाडली आणि ती गुप्त झाली, अशी वारकरी परंपरा सांगते. कोथळी व मेहूण ही तिची स्थाने या तालुक्यातच आहेत, आणि येथून तिची पालखी दर आषाढीस पंढरीस जाते. निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, ज्ञानदेव आळंदीस, सोपानदेव सासवडास समाधिस्थ झाले. पण आपले नाव तालुक्यास देण्याचा मान चौघां भावंडांत या धाकट्या बहिणीस लाभला! जिने चांगदेवासारख्या वयोवृद्ध योग्यास उपदेश केला, त्या गुरूचे गाव आणि त्या शिष्याचे गाव आज एकाच तालुक्यात आहे.

तथापि नाव बदलले म्हणजे जुने एका दिवसात पुसले जाते असे नाही. विधानसभेचा मतदारसंघ २००४ च्या निवडणुकीपर्यंत एदलाबाद या नावानेच ओळखला जात होता. २००९ पासून तो मुक्ताईनगर झाला. रशियात लेनिनग्राडचे १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले, पण भोवतालच्या प्रांताचे नाव अद्याप लेनिनग्राडच आहे. सरकारी दप्तर सर्वत्र सारखेच!

प्रश्न आहे तो घरच्या कागदांचा. वंशावळ जुळविताना, वाटणीच्या वेळी किंवा पुराव्यादाखल जुना उतारा काढताना एदलाबाद या नावापाशी नवा माणूस अडखळतो. त्यात तेलंगणातील आदिलाबाद या शहरासही पूर्वी एदलाबाद म्हणत, त्यामुळे घोटाळा अधिकच वाढतो. शेतांची, नाल्यांची व शिवारांची जुनी नावे तर कोणत्याच पुस्तकात नाहीत. ती घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडीच आहेत. प्रत्येक कुटुंबाने ती विचारून वंशावळीच्या वहीत टिपावी, एवढी आमची विनंती आहे. जुन्या खतांची नक्कल करताना मूळ अक्षर जसेच्या तसे उतरावे, आणि एदलाबाद दिसेल तेथे ते न बदलता त्यापुढे कंसात मुक्ताईनगर लिहावे.