उंचीचा हिशेब आणि रक्ताची साक्ष

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवरून उतरलेला सुटा भाग मायक्रोमीटरने मोजून पाहतात. मिलिमीटरच्या शतांशाचाही फरक तेथे चालत नाही. घरी वाढणाऱ्या मुलाची उंची मात्र बहुधा नजरेनेच मोजली जाते. शाळेच्या रांगेत मूल वर्षानुवर्षे सर्वांत पुढेच उभे राहिले, तरी ‘घराण्याचीच ठेवण आहे’ किंवा ‘उशिरा वाढेल’ असे म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही थोड्या मुलांच्या खुंटलेल्या उंचीमागे रक्तातील एका द्रव्याची उणीव असते. आणि ती उणीव ओळखून भरून काढण्याची विद्या मानवाच्या हाती यावयास मोठा काळ लागला.

कवटीच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. इ. स. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील हर्बर्ट इव्हान्स व जोसेफ लाँग यांनी गुरांच्या या ग्रंथीचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा ते उंदीर नेहमीपेक्षा पुष्कळच मोठे झाले. १९४४ साली ली व इव्हान्स यांनी त्यातील वृद्धी-हॉर्मोन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आशा वाढल्या, पण गुरांचे हॉर्मोन मानवी शरीराला मानवेना, कारण दोहोंची घडण भिन्न होती. अखेर मानवी ग्रंथीतून मिळविलेले हॉर्मोन मॉरिस रॅबेन यांनी एका सतरा वर्षांच्या खुज्या मुलाला दिले आणि त्याची उंची वाढू लागल्याचे १९५८ साली जाहीर केले.

तथापि हे औषध मृतांच्या शरीरातून काढावे लागे व अत्यंत अपुरे पडे. मग ते कोणत्या मुलाला द्यावयाचे? हा प्रश्न सोडविण्यास रक्तातील हॉर्मोन मोजणे अवश्य होते, आणि त्याचे प्रमाण तर ग्रॅमच्या अब्जांशात. न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी आयोडिनाच्या साह्याने असे सूक्ष्म मापन प्रथम इन्शुलिनच्या बाबतीत साधले आणि १९६३ मध्ये वृद्धी-हॉर्मोनही त्याच रीतीने मोजून दाखविले. या शोधासाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोपर्यंत निवर्तले होते. त्याच १९६३ साली मुंबईत परळ येथे अणुऊर्जा विभागाचे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र सुरू झाले आणि बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. मापनाची ही नवी पद्धत आपल्या देशात रुजविण्यात परळच्या केंद्राचा मोठा वाटा आहे.

रक्ताची साक्ष घेणे मात्र वाटते तितके सोपे नव्हे. हे हॉर्मोन दिवसभर संथपणे पाझरत नाही. ते लाटांसारखे येते, आणि त्यातही गाढ झोपेत अधिक. दिवसा सहज घेतलेल्या एका नमुन्यात निरोगी मुलाचे प्रमाणही जवळजवळ शून्य भरू शकते. म्हणून क्लोनिडीन वा ग्लुकागॉन यांसारखे औषध देऊन ग्रंथीला जागे करतात व ठराविक अंतराने अनेक नमुने घेतात. एका नमुन्यावरून मुलावर शिक्का मारणे हा अन्यायच होय.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. मृतांच्या ग्रंथींतून काढलेले हॉर्मोन बालपणी घेतलेले काही तरुण मेंदूच्या असाध्य अशा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाने दगावल्याचे १९८५ मध्ये उघडकीस आले. अमेरिका व ब्रिटन येथे तो पुरवठा तत्काळ थांबविण्यात आला. सुदैवाने जीवाणूंकडून हॉर्मोन तयार करवून घेण्याची विद्या तोवर सिद्ध झाली होती, आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली. आजचे औषध या नव्या मार्गानेच बनते.

ही उणीव काही कुळांत आनुवंशिक असते. १९९६ साली एका भारतीय मुस्लिम कुटुंबातील खुज्या मुलांमध्ये पीयूष ग्रंथीला आज्ञा पोचविणाऱ्या यंत्रणेच्या जनुकात दोष आढळला. पश्चिम भारतातील मुलांत या दोषाचा शोध घेणारा अभ्यास डॉ. मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केला. माता व पिता दोघांकडूनही दोष आला तरच तो प्रकट होतो. जवळच्या नात्यात विवाह झाल्यास तसा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या सीमाभागाने हे विशेष ध्यानी घ्यावयास हवे. यात कोणत्याही जातिधर्माला दूषण नाही.

खुजे मूल दिसले की हॉर्मोनचीच उणीव, असे मात्र समजू नये. अपुरे अन्न, रक्तक्षय, थायरॉईडची मंदता, मूत्रपिंडाचे वा आतड्याचे विकार यांचा विचार आधी करावा लागतो. मुलींच्या बाबतीत गुणसूत्रेही पाहतात. सामान्यतः चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल दरसाल पाच ते सहा सेंटीमीटर वाढते. वाढ चारच्याही खाली रेंगाळू लागली, तर डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये. कारण हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या तारुण्यात सांधल्या गेल्या की कोणतेही हॉर्मोन उंची वाढवू शकत नाही. तेव्हा रक्तपरीक्षेच्याही आधी दर सहा महिन्यांनी भिंतीशी उभे करून घेतलेले माप आणि वहीत लिहून ठेवलेली तारीख हवी. त्यास खर्च काही नाही. आणि वेळेवर केलेली ती नोंद मुलाचे उभे आयुष्य बदलू शकते.