मँचेस्टरची तालीम

ओल्ड ट्रॅफर्ड हें नांव आपल्या घराघरांतून ऐकूं आलें तें क्रिकेटमुळें. १९३६ च्या जुलैमध्यें मुंबईचे विजय मर्चंट आणि इंदूरचे मुश्ताक अली यांनीं तेथें पहिल्या जोडीसाठीं २०३ धावा काढल्या, आणि तें नांव आपल्या स्मरणांत राहिलें. परंतु त्या मैदानापासून पायीं थोड्याच अंतरावर त्याच नांवाचें दुसरें एक मैदान आहे. तें मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबाचें. आज जी हकीकत सांगणार आहें ती या दुसऱ्या ओल्ड ट्रॅफर्डची. आणि त्यांतही नामांकित वीरांची नव्हे, तर वीर होण्यापूर्वीं तेथें झाडलोट करणाऱ्या आणि थोरांचे बूट पुसणाऱ्या मुलांची.

इंग्लंडांत धंदेवाईक फुटबॉलचा जम बसला तसा खेळाडूंचा बाजारही बसला. चांगला खेळाडू दिसला कीं किंमत मोजून त्याला आपल्याकडे आणावें, अशी वहिवाट पडली. ज्याची थैली जड त्याचा संघ भारी. युनायटेडची थैली १९३१ सालीं इतकी हलकी झाली होती कीं जेम्स गिब्सन या कारखानदारानें हात दिला नसता तर क्लबाला टाळें लागलें असतें. याच गिब्सननीं आणि क्लबाचे चिटणीस वॉल्टर क्रिकमर यांनीं १९३८ सालीं मुलांसाठीं एक निराळी शाखा काढली. विचार साधा होता. आंबा विकत घेणें परवडत नसेल तर कोय लावावी!

कोय लावली न लावली तोंच युद्ध आलें. ११ मार्च १९४१ च्या रात्रीं जर्मन बाँबनीं ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त केलें, आणि १९४९ पर्यंत क्लबाला शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर बिऱ्हाड करावें लागलें. अशा बेघर क्लबाची सूत्रें १९४५ सालीं मॅट बस्बी यांनीं हातीं घेतलीं. बस्बी स्कॉटलंडांतील कोळशाच्या खाणींच्या गांवांत वाढलेले. वडील पहिल्या महायुद्धांत पडलेले. कोवळ्या वयांत खेळासाठीं परक्या शहरीं आल्यावर मन किती एकटें पडतें, याचा अनुभव त्यांनीं घेतला होता. युद्धकाळांत इटलींतील बारी येथें जिमी मर्फी नांवाचा एक वेल्श गृहस्थ सैनिकांना खेळाविषयीं सांगत असतां बस्बींनीं त्याला ऐकलें, आणि तेथल्या तेथें आपल्याकडे येण्याचें आमंत्रण दिलें. आपल्या तालमींच्या भाषेंत बोलावयाचें तर बस्बी हे त्या घराचे कर्ते पुरुष आणि मर्फी हे वस्ताद. पोरांना घाम गाळायला लावणारे, चुकल्यास खडसावणारे आणि मागाहून पाठीवरून हात फिरवणारे.

क्लबाचीं माणसें शाळाशाळांचे सामने पाहत हिंडूं लागलीं. मुलगा डोळ्यांत भरला कीं त्याच्या आईबापांची भेट घ्यावयाची, त्यांची खातरी पटवावयाची, आणि मग त्याला मँचेस्टरला आणून भल्या घरीं राहण्याजेवणाची सोय लावून द्यावयाची, असा क्रम असे. डंकन एडवर्ड्स आला डडलीहून, डेव्हिड पेग डाँकास्टरकडील खाणीच्या गांवांतून, बॉबी चार्लटन उत्तरेकडील ॲशिंग्टनहून. एडी कोलमनला मात्र कोठूनही यावें लागलें नाहीं. त्याची गल्ली मैदानापासून हांकेच्या अंतरावर होती. सतरा वर्षें पुरीं झाल्याखेरीज धंदेवाईक करार होत नसे. तोंवर चार्लटनसारख्या मुलानें दिवसा कारखान्यांत काम शिकावें आणि खेळाचा सराव संध्याकाळीं करावा. आईबापांनीं ठेव म्हणून स्वाधीन केलेलीं हीं मुलें होतीं, ही जाणीव बस्बींना शेवटपर्यंत सुटली नाहीं.

१९५२-५३ च्या हंगामांत इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें कुमारांसाठीं स्वतंत्र चषक सुरू केला. युनायटेडच्या पोरांनीं नँटविचच्या संघावर २३ गोल चढवले आणि एकही घेतला नाहीं. अंतिम फेरीचे सामने दोन. पहिल्यांत वुल्व्हरहँप्टनचा ७–१ असा पराभव झाला, दुसरा २–२ असा बरोबरींत सुटला. या अंतिम फेरीसाठीं एक खेळाडू जखमी झाल्यामुळें डब्लिनहून लियम व्हेलन याला ऐनवेळीं बोलावून घेतलें होतें. पहिलीं पांच वर्षें, १९५३ पासून १९५७ पर्यंत, तो चषक दुसऱ्या कोणाच्या हातीं गेलाच नाहीं. अर्थात् सर्वच मुलांचें भाग्य उजळलें असें नाहीं. त्या पहिल्या संघांतील कांहींना थोरांच्या संघांत एक-दोनच सामने मिळाले, कोणाला एकही नाहीं. शंभर कलमें लावलीं तरी मोहर थोड्यांनाच धरतो, हें माळ्याला आधींच ठाऊक असतें. कलमाला मात्र तें ठाऊक नसतें.

एडवर्ड्सची गोष्ट विशेष आहे. ४ एप्रिल १९५३ रोजीं, वयाच्या सतराव्या वर्षांत, तो थोरांच्या संघांतून प्रथम खेळला. २ एप्रिल १९५५ रोजीं, अठराव्या वर्षीं, तो इंग्लंडतर्फे स्कॉटलंडविरुद्ध उतरला आणि इंग्लंडनें ७–२ असा विजय मिळवला. इतका मान मिळाल्यावर एखादा मुलांकडे पाठ फिरवता. पण त्यानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांनीं हाच आंतरराष्ट्रीय खेळाडू आपल्या जुन्या सवंगड्यांबरोबर कुमार-चषकाचा अंतिम सामना खेळला. हें योग्य नव्हे, अशी टीकाही तेव्हां झाली. परंतु नियमानें तो अजून कुमारच होता, आणि त्यालाही आपल्या मंडळींतच खेळावयाचें होतें.

१९५५-५६ सालीं युनायटेडनें इंग्लंडची लीग अकरा गुणांच्या फरकानें जिंकली. त्या संघाचें सरासरी वय बाविसाच्या आसपास होतें! पुढच्या वर्षीं लीग पुन्हां त्यांचीच. लीगच्या अधिकाऱ्यांचा विरोध पत्करून बस्बींनीं मुलांना युरोपीय चषकासाठीं परदेशीं नेलें. त्यांची दृष्टि दूरची होती. परंतु त्या दूरदृष्टीचें मोल पुढें काय द्यावें लागणार, हें कोणाला ठाऊक होतें?

५ फेब्रुवारी १९५८ रोजीं बेलग्रेडमध्यें ३–३ अशी बरोबरी करून संघ दुसऱ्या दिवशीं परत निघाला. म्युनिकला विमान इंधनासाठीं उतरलें. धावपट्टीवर बर्फाचा चिखल झाला होता. उड्डाणाचा प्रयत्न दोनदां फसला. तिसऱ्या वेळीं विमान कुंपण तोडून पलीकडील घरावर आदळलें. तेवीस माणसें गेलीं. त्यांत आठ खेळाडू होते. १९५३ च्या अंतिम फेरींत खेळलेल्या मुलांपैकीं कोलमन, पेग आणि व्हेलन त्याच दिवशीं गेले. एडवर्ड्स पंधरा दिवस मृत्यूशीं झुंजला आणि २१ फेब्रुवारीला तोही गेला. ज्यांनीं वीस वर्षांपूर्वीं गिब्सनबरोबर ती कोय लावली होती, ते चिटणीस क्रिकमर हेही त्याच विमानांत होते. तेही वाचले नाहींत.

मर्फी वेल्सच्या संघाबरोबर कार्डिफला होते, म्हणून बचावले. बस्बी म्युनिकच्या इस्पितळांत शेवटच्या घटका मोजीत असल्यासारखे पडले होते. १९ फेब्रुवारीला, म्हणजे अपघातानंतर तेराव्या दिवशीं, शेफील्ड वेन्सडेविरुद्ध सामना ठरलेला. आपल्याकडे तेराव्या दिवसाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. त्या दिवशींच्या छापील पत्रिकेंत युनायटेडच्या अकरा खेळाडूंच्या नांवांच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. कोण खेळणार हें पत्रिका छापतांना क्लबालाच ठाऊक नव्हतें. सुमारें साठ हजार लोक जमले. मर्फींनीं कोणाला उभें केलें? दोन खेळाडू घाईनें बाहेरून आणले, दोघे म्युनिकहून वाचून आलेले. बाकीचीं बहुतेक याच तालमींतलीं पोरें. ॲलेक्स डॉसनला अठरा वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस कमी होते. शे ब्रेननचा तो थोरांच्या संघांतील पहिला सामना. त्यानें दोन गोल केले. सामना ३–० असा जिंकला गेला. हाच जोडून-जुळवून उभा केलेला संघ मे महिन्यांत असोसिएशन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. तेथें तो हरला; पण त्या हरण्याला कोण हरणें म्हणेल?

बस्बी बरे झाले. मुलांना युरोपांत आपणच नेलें, या विचारानें त्यांनीं काम सोडण्याचें मनांत आणलें होतें. पत्नीनें त्यांना परत उभें केलें. त्यानंतर दहा वर्षांनीं, २९ मे १९६८ रोजीं, युनायटेडनें बेन्फिकाला ४–१ असें हरवून युरोपीय चषक जिंकला. त्या संघांतही अर्ध्याहून अधिक खेळाडू घरींच वाढलेले होते, आणि चार गोलांपैकीं दोन म्युनिकहून वाचलेल्या बॉबी चार्लटनचे होते. किंमत देऊन घेतलेले उत्तम खेळाडूही त्या संघांत होते, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पैशावांचून मोठा क्लब चालत नाहीं. परंतु सर्वस्व गेल्यावर पैशानें तेरा दिवसांत संघ उभा राहत नाहीं. तो वीस वर्षें जोपासलेल्या मुलांमुळेंच उभा राहतो.

ती परंपरा पुढेंही चालली. १९९२ सालीं कुमार-चषक जिंकणाऱ्या मुलांत गिग्ज, बेकहॅम, बट आणि गॅरी नेव्हिल होते. ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडचा असा एकही सामना झाला नाहीं कीं ज्याच्या संघांत घरीं वाढलेला एकही खेळाडू नव्हता. अशा सामन्यांची संख्या डिसेंबर १९१९ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरांत, ४,००० झाली.

डडली येथील सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्यें रंगीत कांचेच्या खिडक्यांवर डंकन एडवर्ड्स फुटबॉलच्या पोषाखांत उभा आहे. त्या खिडक्यांचें अनावरण १९६१ सालीं बस्बींनीं केलें. ज्याला त्याच्या आईबापांकडून मागून आणलें होतें, त्याच्याच गांवीं, कांचेंतील त्याच्या चित्रासमोर ते उभे राहिले. मुलें घडवणाऱ्याच्या वांट्याला किती मोठा आनंद येतो आणि किती मोठें ऋण येतें, हें त्या एका क्षणीं त्यांना पूर्णपणें कळलें असेल. तेथून परत आल्यावरही त्यांनीं तालमीचें दार मिटलें नाहीं, हेंच त्या ऋणाला त्यांनीं दिलेलें उत्तर होय.