तार, आकाशक आणि डोंगर : उल्हासनगर ते बदलापूर

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यापासून उल्हासनगर व अंबरनाथ सरळ रेषेत सुमारे ४३ ते ४५ किलोमीटर, तर बदलापूर सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. मनोऱ्याची सुमारे ३०० मीटर उंची लक्षात घेता ही तिन्ही गावे त्याच्या क्षितिजाच्या आत येतात. परंतु मध्ये पारसिकचा डोंगर आडवा आहे आणि दक्षिणेस मलंगगड-चंदेरीची रांग उभी आहे. या भागातील चित्रग्रहणाचा इतिहास केवळ अंतर आणि उंची यांच्या आधारे मांडण्याचा मोह होतो. तथापि आकाशकापासून संचापर्यंत उतरणारी तार हा त्यातील तिसरा घटक होय. तो वगळल्यास कारणमीमांसा सदोष राहते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. १९२७ मध्ये इंग्लंडशी सुरू झालेल्या बीम बिनतारी सेवेसाठी खडकी व दौंड येथे केंद्रे उभारण्यात आली. फ्रँकलिन यांच्या त्या योजनेत एकात एक बसविलेल्या तांब्याच्या नळ्यांतून शक्ती आकाशकाच्या अनेक उभ्या तारांकडे नेली जाई, आणि प्रत्येक फाट्याची लांबी समान राखावी लागे. अन्यथा प्रवाह एकाच कलेत पोचत नसत. तेथे जे काम प्रशिक्षित अभियंत्यांचे होते, त्याच तत्त्वाशी १९७२ नंतर घराच्या छपरावर गाठ पडली.

मुंबईचे प्रक्षेपण ६१ ते ६८ मेगाहर्ट्झच्या चौथ्या वाहिनीवर होते. तिची अर्धी तरंगलांबी सुमारे २.३ मीटर भरते. उडा व यागी यांनी १९२६ मध्ये पुढे आणलेल्या आकाशकात दांड्या वाढविल्या की दूरचा संकेत अधिक मिळतो. परंतु त्याबरोबर मुख्य दांडीचा संरोध, म्हणजे इंपिडन्स, उतरतो. मुख्य दांडी दुमडल्यास तो सुमारे चौपट होतो व ३०० ओहमच्या चपट्या तारेशी जुळविता येतो. सारांश, अंतरामुळे दांड्या वाढवाव्या लागत, आणि दांड्या वाढल्या की जुळणी नव्याने करावी लागे.

८ ऑगस्ट १९४९ रोजी ज्या कल्याण छावणीचे उल्हासनगर झाले, तेथील बैठ्या बराकींवर उंची मिळवावयाची तर खांब उंच हवा, आणि खांबाबरोबर तारही लांबते. या लांबीचे महत्त्व मात्र सशर्त आहे. संच तारेशी जुळलेला असेल, तर लांबीमुळे होणारी हानी तेवढी क्षय पावण्याची. आकाशक व संच ही दोन्ही टोके विजोड असतील, तरच तार कमीजास्त केल्याने चित्र सुधारते वा बिघडते. चपट्या तारेत पाव तरंगलांबी सुमारे ९३ सेंटिमीटर असल्याने तेवढ्या फरकाने परिस्थिती उलटू शकते. अशी सुधारणा ही जुळणी नव्हे; ती केवळ एका दोषाने दुसऱ्यास दिलेला आधार होय.

चित्रातील दुहेरी प्रतिमेबाबत हा विवेक विशेष आवश्यक ठरतो. १२ मीटर तारेतील प्रतिध्वनी सुमारे ०.१ मायक्रोसेकंद उशिरा येतो. दृश्य रेषेचा अवधी ५२ मायक्रोसेकंद असल्याने त्यामुळे कडा किंचित पुसट होते, एवढेच. उलट, डोंगरावरून ३ किलोमीटर अधिक फिरून आलेली लहर १० मायक्रोसेकंद मागे पडते व दुसरी आकृती पडद्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढी सरकते. हा दोष तार कापून जाणार नाही. त्यासाठी आकाशकाचे तोंडच फिरविले पाहिजे.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या व केबल यांचा प्रसार झाला आणि छपरांवरील या विद्येची गरज ओसरली. खडकीच्या नळ्यांना तंत्रेतिहासात स्थान मिळाले. बराकीवरून उतरणाऱ्या चपट्या तारेला मिळाले नाही. दोहोंमागील तत्त्व मात्र एकच होते. यास्तव या पट्ट्याचा तंत्रेतिहास लिहिताना मनोऱ्याच्या उंचीइतकीच तारेच्या दोन टोकांचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.