साखर वाढली की नळी का आवळते? ब्रुकलिन ते पुणे

आजचा विषय डायबेटिसच आहे, पण गोळ्या-पथ्यं बाजूला ठेवू. गोष्ट आहे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची, पेशींच्या एकाच थराची.

ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन प्रयोग करायचे. असिटिलकोलीन टाकलं की तुकडा आखडायचा. वर्षानुवर्षं हेच. 1978 मध्ये सहायकाकडून प्रयोगाच्या क्रमात गडबड झाली आणि तुकडा चक्क सैल पडला! कारण शोधलं तर तुकडे कापताना आतलं अस्तर खरवडलं जात होतं. अस्तर शाबूत असेल तर ते खालच्या स्नायूला 'सैल हो' असा निरोप देतं. 1980 मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड, आणि 1998 चं नोबेल. (आमच्या धंद्यातले निम्मे शोधही असेच डिबगिंग करताना लागतात.)

मग साखरेचं काय? 1990 मध्ये बोस्टनच्या टीमने सशाच्या महाधमनीच्या चकत्या सहा तास खूप साखरेच्या द्रावणात ठेवल्या. किती साखर? आपल्या लॅब रिपोर्टच्या भाषेत सुमारे 800. म्हणजे टोकाचीच, हे लक्षात ठेवा. चकत्या नीट सैल होईनात. गंमत म्हणजे स्नायू ठणठणीत होता, थेट औषध दिलं की सैल पडायचा. बिघाड अस्तरात होता: तेच आता 'आवळ' म्हणणारी रसायनं जास्त सोडत होतं.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास करतायत. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हडकुळं, तरी चरबीवालं बाळ! अशी जास्त चरबी असली की पुढे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, साखर चढते आणि मार बसतो त्याच अस्तराला.

2004 मध्ये याज्ञिकांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर शेजारी उभं राहून काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2.

माझा बीएमआय 22 च्या आसपास आहे. अंधेरीला ऑफिसात दिवसभर खुर्चीत. शनिवारी सकाळी उपाशीपोटी शुगर टेस्ट बुक केलीये.