टेरिलीनचा तापट भाऊ

वडिलांच्या पिढीचे टेरिलीनचे शर्ट आठवतात? ते ज्या टेरेफ्थॅलिक आम्लापासून होतात, त्याच्या दोन्ही टोकांना क्लोरीन बसवला की टेरेफ्थॅलॉइल क्लोराइड मिळते. हा भाऊ भलता तापट. पाणी भेटले की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून मूळ आम्लात परततो. पण योग्य डायअमाइन भेटले, तर त्याच वजनाच्या पोलादाहून कितीतरी पट मजबूत धागा देतो.

१९६५ साली अमेरिकेत ड्यूपाँमध्ये स्टेफनी क्वोलेक यांना केव्हलारची वाट सापडली. अडचण एकच: त्याचे रेणू इतके ताठ, की सूत काढण्यासाठी ते तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवावे लागतात.

१९१८ साली कृत्रिम रेशमासाठी निघालेल्या जपानच्या तेइजिन कंपनीने इथे युक्ती केली. एकाऐवजी दोन डायअमाइने घेतली, त्यातले एक मुद्दाम जरा वाकडे. रेणूंचा ताठा उतरला. पॉलिमर ज्या द्रावणात बनला, त्यातूनच सूत निघू लागले. सल्फ्युरिक आम्ल हवेच कशाला? १९८७ मध्ये हा 'टेक्नोरा' बाजारात आला. तो मात्सुयामात बनतो.

२०२१ साली मंगळावर उतरताना पर्सिव्हिअरन्स गाडीचा वेग ज्या पॅराशूटने आवरला, त्याच्या दोऱ्या टेक्नोराच्याच होत्या. थोडा वाकडेपणा असा कामी आला!